बाबांची फियाट आणि ‘दुसरी संधी’

आजोबांकडे होती तशी फियाट घ्यायची, हे बाबांचं जुनं स्वप्न. मध्यंतरी एका ऑनलाइन लिलावात १९७२ची फियाट दिसली, पण आमची बोली कमी पडली. दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला : “पहिल्या गिऱ्हाइकाने माघार घेतली. गाडी तुम्हालाच देतो, आज २५,००० टोकन भरा.” बाबा तयारच!

म्हटलं, “बाबा, थांबा जरा.” लिलावाच्या साइटवर आमच्या खात्यात असा निरोपच नव्हता. चेसिस नंबर व्हिडिओ कॉलवर दाखवा म्हटलं, तर गाडी ट्रान्सपोर्टच्या गोदामात! पाठवलेल्या आरसीवरचा नंबर एम-परिवहनवर टाकला, तर निघाली स्कूटर.

मंडळी, साइटबाहेर पैसे मागितले, घाई केली, गाडी बघू दिली नाही, तर तिथेच थांबा. गाडी समोर उभी राहून आरसी आणि चेसिस नंबर जुळेपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा.

बाबा दोन दिवस रुसले होते. आता दर रविवारी आम्ही दोघं जुनी गॅरेजं पालथी घालतो. फियाट अजून मिळायची आहे; गप्पा मात्र भरपूर होतात.