पारपटलाचा जमाखर्च

दिवाळी सरून लग्नसराईचे वेध लागले, की नेत्ररुग्णालयांच्या प्रतीक्षागृहांत एक ठरावीक दृश्य दिसू लागते. विशी-बाविशीची मुलगी, शेजारी तिची आई, आणि थोडे अंतर राखून मोबाइलवर दुकानचे व्यवहार उरकीत बसलेले वडील. मुहूर्त निघालेला असतो आणि तत्पूर्वी मुलीचा चष्मा उतरावा, अशी घरच्या वडीलधाऱ्यांची इच्छा असते. चष्मा असलेल्या मुलाच्या बाबतीत ही निकड सहसा दिसत नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे.

सांगलीच्या हळद बाजारात अडत असलेल्या एका एकत्र कुटुंबाची कल्पना करावी. थोरली मुलगी २२ वर्षांची, चष्म्याचा नंबर उणे ७. तिची चुलत बहीण २५ वर्षांची, नंबर उणे ५. धाकटा भाऊ १९ वर्षांचा. वडील ४६ वर्षांचे, नंबर उणे अडीच. एका घरातील चौघे आल्यास शुल्कात सवलत मिळेल असे कोणीतरी सांगितलेले; म्हणून चौघेही एकाच सकाळी तपासणीस आले आहेत. व्यापारी मनाला अशी घाऊक सोय पटणे स्वाभाविक आहे. परंतु दुपारपर्यंत चौघांना चार निराळी उत्तरे मिळतात, आणि त्यांपैकी होकार एकच असतो.

असे का होते, हे समजण्यासाठी लेसर डोळ्याचे नेमके काय करतो ते पाहणे आवश्यक आहे. डोळ्याच्या अगदी दर्शनी भागी घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. यालाच पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. प्रकाशकिरण एकवटण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम हे पारपटलच करते; उरलेले आतील नेत्रभिंगाकडे असते. उणे नंबर असलेल्या माणसाच्या डोळ्याचा गोल बहुधा थोडा लांबट असतो, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा मागच्या दृष्टिपटलावर पडण्याऐवजी त्याच्या अलीकडेच पडते. चष्म्याची काच ही चूक बाहेरून सुधारते. लेसर पारपटलाचा मध्य किंचित सपाट करून तीच सुधारणा डोळ्यावर कोरून ठेवतो. लांबट डोळा मात्र लांबटच राहतो.

या कामी वापरला जाणारा एक्सायमर लेसर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश देतो. हा प्रकाश सभोवतालचा भाग न भाजता ऊतींचा अत्यंत पातळ थर काढू शकतो, हे १९८१ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत ध्यानात आले. त्या शोधाच्या तिघा मानकऱ्यांपैकी रंगस्वामी श्रीनिवासन हे मद्रास विद्यापीठात शिकलेले होते. पुढे १९९५ साली अमेरिकेत चष्म्याच्या नंबरासाठी या लेसरच्या वापरास अधिकृत मान्यता मिळाली.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे हिशेब. पारपटलाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चुलत बहिणीच्या खात्यावर जमा आहेत ५४० मायक्रॉन. लेसिक पद्धतीत प्रथम पारपटलाचा वरचा पापुद्रा वहीच्या पानासारखा उलटण्यासाठी कापतात. त्यात ११० मायक्रॉन गेले. नंबराच्या प्रत्येक एककासाठी लेसर ढोबळमानाने १५ मायक्रॉन झिजवितो. पाच नंबरांचे झाले ७५. शिल्लक ३५५. ही शिल्लक २५० च्या खाली जाऊ द्यायची नाही असा दंडक आहे, आणि पुष्कळ डॉक्टर ३०० च्या खालीही उतरत नाहीत. पापुद्रा आणि झीज मिळून मूळ जाडीच्या ४० टक्क्यांहून अधिक भागाला धक्का लागू नये, हेही पाहिले जाते. या मुलीचा हिशेब दोन्ही कसोट्यांना उतरतो.

थोरल्या मुलीची जमाच ४८० आहे. पापुद्र्याचे ११०, सात नंबरांचे १०५. शिल्लक २६५, आणि धक्का लागलेला भाग जवळजवळ ४५ टक्के. कागदावर शिल्लक २५० च्या वर दिसते, पण हाताशी काही राखीव उरत नाही. उलटलेला पापुद्रा नंतर जागी बसतो खरा, तरी तो पूर्वीसारखा भार पेलत नाही. म्हणून तो शिलकेत धरीत नाहीत. लेसरने झिजलेला थर पुन्हा भरूनही येत नाही. या खात्यात एकदा खर्ची पडलेले परत जमा होत नसते.

नुसत्या कमी जाडीचा प्रश्न असता, तर पापुद्रा न उलटता पृष्ठभागावरूनच लेसर करण्याच्या पीआरके पद्धतीचा विचार झाला असता. परंतु तिच्या डाव्या डोळ्याच्या नकाशात खालच्या बाजूस थोडा अधिक उंचवटा आढळला आहे. पारपटलाचा हा नकाशा टोपोग्राफी नावाच्या तपासणीत मिळतो, आणि साऱ्या तपासण्यांत तो सर्वांत महत्त्वाचा. काहींचे पारपटल मुळातच नरम असते आणि तारुण्यात हळूहळू शंकूसारखे पुढे येऊ लागते. या विकारास केरॅटोकोनस म्हणतात. तो काही घराण्यांत आढळतो. सतत डोळे चोळण्याची सवय त्यास हातभार लावते. आणि आरंभी त्याचे लक्षण एवढेच, की तिरकस, म्हणजे सिलिंड्रिकल, नंबर वरचेवर बदलतो. अशा डोळ्यावर लेसर चालविल्यास पारपटल अधिकच फुगते, उतरलेला नंबर वेडावाकडा होऊन परततो, आणि चष्म्यानेही स्पष्ट दिसेनासे होते. मग पारपटल बळकट करण्याचे उपचार, कडक लेन्स, आणि क्वचित पारपटलाचे प्रत्यारोपण. म्हणून तिला सहा महिन्यांनी पुन्हा नकाशा काढण्यास सांगितले जाते, आणि तोवर डोळे न चोळण्याची ताकीद मिळते. हळदीच्या गोदामात वावरणाऱ्या मुलीस ही ताकीद पाळणे सोपे नाही. खाज थांबविणारे थेंब घ्यावे लागतात.

नाराज होऊन कुटुंब जिना उतरते. ‘दुसरीकडे करतात’ असे एखादा नातलग सांगतो, आणि त्यात तथ्य असू शकते. होकार देणारे कोणीतरी सापडतेच. अशा वेळी दुसरे मत जरूर घ्यावे, पण नकाशाची प्रत सोबत नेऊन, आणि प्रश्न ‘करता का’ असा न विचारता ‘या नकाशात काय दिसते’ असा विचारून. मुहूर्ताची तारीख डॉक्टरांना सांगूच नये, हेही बरे.

धाकट्या भावास उत्तर सोपे आहे. गेल्या वर्षभरात त्याचा नंबर पाऊण एककाने वाढला आहे. कायद्याने सज्ञान झाला म्हणून डोळा सज्ञान होत नाही. निदान वर्षभर नंबर स्थिर राहिल्यावर त्याने यावे.

वडिलांची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण चाळिशी ओलांडलेले अनेक व्यापारी याच समजुतीने येतात. त्यांचे पारपटल उत्तम आहे, हिशेब जुळतो, यंत्राची काहीही हरकत नाही. तरीही डॉक्टर त्यांना एक प्रश्न विचारतात: पावतीवरील बारीक अक्षर कसे वाचता? उत्तर ठरलेले असते. चष्मा कपाळावर सरकवून. उणे अडीच नंबर ही त्यांची जवळ पाहण्याची फुकटची सोय आहे. वयानुसार आतील नेत्रभिंगाची लवचीकता ओसरते, आणि त्यावर पारपटलावरील लेसरचा काही इलाज चालत नाही. दूरचा नंबर शून्यावर आणला, की त्याच दिवसापासून वाचण्यास चाळिशी लागेल. दिवसातले आठ तास हिशेबात जाणाऱ्या माणसाने गाडी चालविताना लागणारा चष्मा देऊन दुकानात लागणारा चष्मा विकत घेतल्यासारखे ते होईल. एक डोळा दूरसाठी आणि एक जवळसाठी ठेवण्याची युक्ती आहे. पण ती सर्वांना मानवत नाही, म्हणून आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस अनुभवून पाहावी.

उरली चुलत बहीण. ती नियमित कॉन्टॅक्ट लेन्स वापरते, हे आजोबांसमोर सांगण्यास ती प्रथम बिचकते. ते सांगितलेच पाहिजे, कारण लेन्समुळे पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो. मऊ लेन्स एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून अधिक काळ बंद ठेवून मगच मापे खरी येतात. गरोदरपणात व अंगावर पाजीत असताना हे उपचार पुढे ढकलतात.

शस्त्रक्रियेस दोन्ही डोळे मिळून साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. भूल थेंबांची असते. पापण्या एका चापाने उघड्या धरतात. डोळ्यावर कडे बसविताना दाब जाणवतो आणि काही क्षण अंधारून येते. घाबरून जाण्याचा क्षण असेल तर हाच, म्हणून तो आधी ठाऊक असावा. नंतर समोरच्या लुकलुकत्या दिव्याकडे पाहत राहायचे. टकटक असा आवाज येतो, जळकट वासही येतो. परंतु काही जळत नसते. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात, पाणी येते. घरी जाऊन झोपावे. दुसऱ्या सकाळी भिंतीवरचे घड्याळ चष्म्यावाचून दिसते. पीआरकेमध्ये मात्र तीन-चार दिवस वेदना होतात आणि दृष्टी निवळण्यास काही आठवडे जातात. स्माइल या तिसऱ्या पद्धतीत पापुद्रा न उलटता लहान छेदातून आतली चकती काढून घेतात.

पुढील काही दिवसांत जैन घरांना काही बाबींचा विचार आधीच करावा लागतो. अभिषेकानंतरचे गंधोदक मस्तकी व नेत्री लावण्याची रीत आहे; डॉक्टर परवानगी देईपर्यंत ते मस्तकीच लावावे, कारण पहिला आठवडा साधे पाणीही डोळ्यांत जाऊ द्यायचे नसते. मिरवणुकीतील गुलालापासून दूर राहावे. चौविहार पाळणाऱ्यांस थेंबांबद्दल शंका येते, आणि ती अनाठायी नाही: डोळ्यांतील औषध अश्रुनलिकेतून नाकात व घशात उतरते, म्हणूनच जिभेस कडवट चव कळते. थेंब घातल्यावर एक-दोन मिनिटे डोळा अलगद मिटून ठेवल्यास हे प्रमाण कमी होते. तरीही मन राजी नसेल, तर आपल्या गुरुजनांना आधी विचारावे आणि तारीख पर्युषणाचे दिवस टाळून घ्यावी. थेंब मात्र मनाने सोडू नयेत किंवा वाढवूही नयेत. त्यांपैकी स्टिरॉइडचे थेंब आपल्या मताने लांबविल्यास डोळ्यातील दाब वाढू शकतो.

डोळ्यांची कोरड आणि रात्री दिव्यांभोवती दिसणारी वलये हा बहुतेकांचा अनुभव असतो. काही महिन्यांत तो ओसरतो. थोड्यांच्या बाबतीत टिकून राहतो. रात्रीच्या मालवाहतुकीवर स्वतः गाडी चालविणाऱ्याने हे विसरू नये. दृष्टिपटलाची तपासणीही पूर्वीप्रमाणे दरवर्षी चालू ठेवावी. चष्मा गेला तरी डोळा लांबटच आहे. डोळ्यांपुढे अचानक लकाकी किंवा काळे ठिपके दिसू लागल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

खर्चाबाबत एक सूचना. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार ७.५ हून कमी नंबरावरील हा उपचार वगळलेला असतो. चुलत बहिणीचा दावा मंजूर होणार नाही. रक्कम घरातूनच धरावी.

आणि शस्त्रक्रियेपूर्वीची मापे, नकाशे, जाडीचा आकडा यांची फाइल रुग्णालयातून मागून घ्यावी. साठीच्या आसपास मोतीबिंदू झाला, की आत बसवावयाच्या भिंगाची शक्ती पारपटलाच्या वक्रतेवरून काढतात, आणि लेसर झालेल्या डोळ्यात नेहमीचे गणित चुकते. काचबिंदूसाठी दाब मोजताना पातळ झालेले पारपटल तो असतो त्याहून कमी दाखविते. त्या वेळी डॉक्टर पहिली विचारणा या जुन्या आकड्यांची करतील. मुलगी सासरी जाताना ही फाइल तिच्या कागदपत्रांबरोबर द्यावी. माहेरच्या कपाटात ठेवून उपयोग नाही.