खापरीची साक्ष

मुळशीकडे आज जमिनीला सोन्याचा भाव आहे. बंगल्यांसाठी टेकड्या कापल्या जातात आणि उकरलेल्या मातीबरोबर डंपरमध्ये काय काय जाते, याची चौकशी कोणी करीत नाही. त्या मातीत एखादी जुनी खापरी असली तर तिचे मोल काय, असे कोणी विचारले तर मी सांगेन, ताम्रपटाहून कमी नाही.

ताम्रपटावर राजाचे नाव असते. खापरीवर कुंभाराचे नसते, पण त्याची माती तिच्यात असते. खापरीचा काप घासून घासून अवघा ०.०३ मिलिमीटर जाडीचा करतात. सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात त्यातले खनिजांचे कण रंगांवरून ओळखता येतात. कण ज्या खडकाचे, माती त्या मुलखाची. जपानमध्ये ग्रॅनाइट आणि ज्वालामुखीचे खडक शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे तिथल्या दोरीचे ठसे उमटवलेल्या प्राचीन जोमोन मडक्यांचा माग काढायला ही रीत उपयोगी पडते.

आपल्या दख्खनचे गणित अवघड आहे. मुळशीपासून शिरूरपर्यंत खाली एकच काळा कातळ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मुळेची माती आणि घोडनदीची माती जणू सख्ख्या बहिणी. पण याचाही फायदा आहे. एखाद्या मडक्यात अभ्रकाचे आणि ग्रॅनाइटचे कण भरपूर दिसले, तर ते पाहुणे हे लगेच कळते. आणि मडके काही स्वतःच्या पायांनी येत नाही. ते व्यापाऱ्याबरोबर येते, नाहीतर सासरी निघालेल्या लेकीबरोबर.

शिरूर तालुक्यातल्या इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरे, कुंभाराची भट्टी, आणि तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत घराच्या जमिनीखाली पुरलेली लेकरे तिथे सापडली. त्या आईबापांचे दुःख आज आपल्याला कळते, कारण कोणते मडके कोणत्या थरात, कोणत्या घरात होते याची नोंद झाली.

नोंद नसलेली खापरी मुकी. प्रयोगशाळा तिची माती सांगेल, पण ती कोणाच्या चुलीपाशी होती हे सांगू शकणार नाही. म्हणून वाचकहो, रविवारी मुळशीला गेलात आणि पायाशी रंगीत खापरी दिसली, तर ती दिवाणखान्यासाठी उचलू नका. जागेची खूण लिहून घ्या, राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. आणि जमीनमालकांनो, यंत्र लावण्याआधी एकदा जाणकाराला ती जमीन पाहू द्या. मुळशीची कित्येक गावे धरणाच्या पाण्याखाली गेली, ती आता परत येणार नाहीत. काठावर जे उरले आहे, ते तरी डंपरखाली जाऊ नये.