बँक १० लाख देते म्हणून १० लाख घ्यायचे का? ५,००० किलोमीटरच्या रस्त्याने शिकवलेलं गणित



मागच्या आठवड्यात फलटणच्या एका ताईंचा फोन आला. दोन वर्षं त्या घरून मसाले आणि चटण्या विकतात. माल चांगला आहे, गिऱ्हाईक परत परत येतं. त्या म्हणाल्या, "सर, बँकवाले १० लाखांपर्यंत होईल म्हणतायत. गाळा, मशीन, डिलिव्हरीला टेम्पो, सगळं एकदमच करून टाकू का?"

मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. कारण हाच प्रश्न एकदा मलाही पडला होता आणि मी त्याचं उत्तर चुकवलं होतं. बरोबर उत्तर मला खूप उशिरा सापडलं, तेही अमेरिकेत, एका गाडीच्या दारापाशी चिकटवलेल्या स्टिकरवर. व्हिडिओच्या दहा मिनिटांत हे बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझी थोरली बहीण आणि दाजी मेरीलँड राज्यात राहतात. दोन वर्षांपूर्वी मी आणि बायको तिकडे गेलो, तेव्हा दाजींनी बेत आखला: चौघांनी अमेरिका आडवी पार करायची, मागे कॅम्पर जोडून. कॅम्पर म्हणजे चाकांवरची खोली. झोपायची सोय, शेगडी, फ्रिज, छोटं बाथरूम, पाण्याची टाकी, सगळं आत. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. आपल्याकडे ट्रॅक्टरला उसाची ट्रॉली जोडतात ना, तसा तो गाडीमागे जोडून ओढत न्यायचा.

रस्ताही मुद्दाम जुना निवडला. मोठे इंटरस्टेट हायवे शक्य तिथे टाळायचे आणि यूएस ५० धरायचा. हा रस्ता मेरीलँडच्या ओशन सिटीत, अटलांटिकच्या काठावर सुरू होतो. तिथेच पाटी आहे: सॅक्रामेंटो, ३,०७३ मैल. म्हणजे सुमारे ४,९४५ किलोमीटर. ओहायोची गावं, कॅन्ससची गव्हाची शेतं, कोलोरॅडोचे डोंगर, युटा आणि नेवाडाचं वाळवंट ओलांडून तो कॅलिफोर्नियात पोचतो.

आता खरा मुद्दा. दाजींची गाडी एसयूव्ही. तिच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: ओढण्याची क्षमता ५,००० पौंड, म्हणजे साधारण २,२७० किलो. आमचा कॅम्पर रिकामा १,५०० किलो. टाकीत १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो, आणि सामान ३५० किलो. एकूण २,०००. "अजून २७० किलो शिल्लक आहेत," म्हणत आम्ही खूश.

कॅम्पर भाड्याने देणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी आमचा हिशोब शांतपणे ऐकला आणि म्हणाले, ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर एक छोटं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते त्यावर छापलेलं असतं. आमच्या गाडीचा आकडा होता ५२० किलो.

मग त्यांनी बेरीज करायला लावली. चार माणसं, २९० किलो. गाडीतलं सामान, ७० किलो. आणि जे आम्ही धरलंच नव्हतं ते म्हणजे कॅम्परचा गाडीवर पडणारा भार. कॅम्पर नुसता मागे ओढला जात नाही. त्याच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग जोडावर, म्हणजे गाडीच्या पाठीवर बसावा लागतो. १२ टक्के धरले तर २,००० किलोचे २४० किलो. बेरीज झाली ६००. मर्यादा ५२०!

जाहिरातीतल्या आकड्याप्रमाणे २७० किलो शिल्लक होते. दारावरच्या आकड्याप्रमाणे आम्ही ८० किलो जास्त होतो. गाडी तीच आणि सामानही तेच.

आम्ही पाणी ओतून दिलं. मुक्कामाच्या जवळ पोचल्यावर भरायचं ठरवलं. कॅम्परमधून आणखी १५० किलो काढलं. गाडीतलं सामान ७० वरून २५ किलोवर आणलं. बायकोने लोखंडी तवा आणि बहिणीने खुर्च्या परत घरात नेऊन ठेवल्या, दोघीही कुरकुरत. कॅम्पर १,७०० वर आला, जोडावरचा भार २०४ किलो झाला. आता बेरीज ५१९. वजनकाट्यावर तपासलं आणि मगच निघालो.

मित्रांनो, आता तुमच्या धंद्याकडे बघा. बँक तुम्हाला किती देऊ शकते, हा जाहिरातीतला आकडा आहे. मुद्रा योजनेत शिशुला ५० हजार, किशोरला ५ लाख, तरुणला १० लाख, आणि तरुण कर्ज व्यवस्थित फेडलेल्यांना तरुण प्लसमध्ये २० लाखांपर्यंत मिळू शकतात. योजना चांगली आहे. पण हे आकडे सरकारने ठरवलेली कमाल मर्यादा आहेत. त्यातला एकही आकडा तुमच्या गल्ल्याकडे बघून काढलेला नाही. तुमच्या दारावरचं स्टिकर वेगळं आहे: सगळ्यात वाईट महिन्यात, घरखर्च भागवून तुमच्या हातात किती उरतात?

मी हे स्टिकर वाचलं नव्हतं. २०१२ मध्ये नोकरी सोडून साताऱ्यात फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान टाकलं. ८ लाख कर्ज, १४ टक्के व्याज, ५ वर्षं. हप्ता साधारण १८,६०० रुपये. गणपती-नवरात्रात मशीन रात्रभर चालायचं. तेव्हा वाटायचं, आणखी घेतले असते तरी चाललं असतं. पण पावसाळ्यात आठवडे कोरडे जायचे, आणि हप्त्याला पावसाळा कळत नाही. वर गाळ्याच्या करारात तीन वर्षांचा लॉक-इन. १९ महिन्यांनी मशीन निम्म्या किमतीत विकलं. बायकोच्या पाटल्या मोडल्या. तिने एका शब्दाने विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. बँकेची काही चूक नव्हती. कागदपत्रं माझी होती, सही माझी होती. बँकेने मला किती देता येईल ते सांगितलं, आणि मला किती झेपेल ते मी कोणालाच विचारलं नाही. स्वतःलाही नाही.

रस्त्यावर आणखी एक गोष्ट कळली. वजन किती, एवढाच प्रश्न नसतो. ते कुठे ठेवलंय, हाही असतो. कॅम्परमध्ये जड सामान मागच्या बाजूला भरलं आणि जोडावरचा भार कमी पडला, तर वेगात कॅम्पर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोलायला लागतो आणि पुढची गाडीही सोबत ओढतो. आपल्या आजोबांना हे शिकवावं लागलं नसतं. बैलगाडीत मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला तर मानेवर ओझं. गाडीवान पोती इकडची तिकडे सरकवून तोल साधायचा.

धंद्यातही असंच आहे. ३ लाख रोज कमावणाऱ्या मशीनमध्ये घातले तर ते जोडाजवळचं वजन. तेच ३ लाख फॉल्स सीलिंग, काचेचं दार आणि एसीमध्ये घातले तर ते शेपटातलं वजन. सगळं सुरळीत आहे तोवर ते दिसत नाही. विक्री थोडी डळमळली की मागून झोल सुरू होतो. असा झोल आला तर घाबरून गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि हाताने कॅम्परचा ब्रेक लावायचा, असं आम्हाला आधीच पढवलं होतं. धंद्यात झोल आला की लोक उलट करतात. घाबरून आणखी एक कर्ज काढतात आणि वेग वाढवतात.

कोलोरॅडोत मोनार्क पास लागतो. उंची ३,४४८ मीटर, आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. चढताना इंजिन ओरडत होतं. पण उतरताना, लो गिअरमध्ये हळूहळू येताना, दाजी एवढंच म्हणाले, "ते पाणी ओतलं ते बरं झालं."

मग नेवाडा. इथे ईली ते युरेका ७७ मैल, युरेका ते ऑस्टिन ७०, आणि ऑस्टिन ते फॅलन सुमारे ११० मैल. मध्ये गाव म्हणावं असं गाव नाही. एरवी आमची गाडी लिटरला १० किलोमीटर द्यायची. कॅम्पर जोडल्यावर साडेपाच. समोरून वारा असला की आणखी कमी. म्हणून दाजींचा नियम होता: टाकी अर्धी झाली आणि पंप दिसला की भरायचं, दर काय आहे ते बघायचं नाही. तुमचं खेळतं भांडवल म्हणजे ही टाकी. कर्ज काढल्यावर तुमचं ॲव्हरेज पडतं, आणि दोन पंपांमधलं अंतर मात्र तेवढंच राहतं. दुकानदार उधारी महिन्याने देणार असेल, तर तो महिना कशावर काढणार? किमान तीन महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर हप्त्याचं ओझं जोडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच रस्त्याची एक गोष्ट सांगतो. जुलै १९८६ मध्ये 'लाइफ' मासिकाने नेवाडातल्या या पट्ट्याला अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता म्हटलं. इथे बघण्यासारखं काही नाही, असा सूर. गावांची तर बदनामीच झाली. पण त्यांनी आणि राज्याच्या पर्यटनवाल्यांनी काय केलं? 'हायवे ५० सर्व्हायव्हल किट' काढलं. प्रवाशाने गावोगावी थांबून पुस्तिकेवर शिक्के मारून घ्यायचे आणि शेवटी प्रमाणपत्र मिळवायचं. "सगळ्यात एकाकी रस्ता" अशा पाट्याही लावल्या. कागद, शाई आणि रबरी शिक्का. आज लोक मुद्दाम हा रस्ता बघायला येतात. आम्हीही शिक्के मारले, आणि दर शिक्क्यामागे त्या गावात कॉफी, जेवण किंवा पेट्रोल घेतलंच. आहे त्या परिस्थितीतून, गाडीवर वजन न चढवता गिऱ्हाईक उभं केलं. कर्जाआधी अशी युक्ती सुचते का, ते बघा.

आता तुम्ही म्हणाल, "सर, कर्जाशिवाय धंदा वाढतो का?" बरोबर आहे. मी कर्जाच्या विरोधात नाही. कॅम्पर नसता तर वाळवंटात चांदण्याखाली आमचे मुक्काम झालेच नसते. पण परतल्यावर हिशोब केला, तेव्हा मोटेलचे वाचलेले बरेचसे पैसे कॅम्परचं भाडं आणि वाढलेल्या पेट्रोलमध्ये गेलेले दिसले. कॅम्पर आनंदासाठी नेला होता, बचतीसाठी नव्हे, हे आम्ही मान्य केलं. तुम्हीही मान्य करा. टेम्पो धंद्याला हवाय, की दारात उभा दिसायला हवाय?

आणि एक सवय लावून घ्या. कॅम्पर जोडलेली गाडी मागे घेणं फार अवघड, स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की कॅम्परचं बूड डावीकडे जातं. म्हणून आम्ही कोणत्याही अरुंद रस्त्यात शिरायच्या आधी खाली उतरून बघायचो, पुढे वळायला जागा आहे का. गाळ्याच्या करारावर सही करायच्या आधी तुम्हीही बघा. लॉक-इन किती, डिपॉझिट परत कधी मिळणार, मशीन विकायची वेळ आली तर कोण घेईल.

फलटणच्या ताईंना मी शेवटी हेच गणित करायला लावलं. गेल्या १२ महिन्यांतला सगळ्यात वाईट महिना घ्या, सरासरी नको. त्यात घरखर्च जाऊन त्यांच्याकडे ९,००० उरले होते. त्यातला निम्मा, म्हणजे ४,५०० रुपये, हा त्यांचा झेपणारा हप्ता. निम्मा का? कारण मशीन बिघडतं, पोरं आजारी पडतात. १२ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी १० लाख घेतले तर हप्ता २२,२४४. आणि ४,५०० च्या हप्त्यात बसतात सुमारे २ लाख.

ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन लाखांत गाळा नाही होणार सर. पण पल्वरायझर आणि पॅकिंगचं मशीन होईल. मागची खोली रिकामीच आहे."

मी म्हटलं, ताई, आता तुम्ही दार उघडून स्टिकर वाचलंत. हे २ लाख कमवायला लागू देत. वर्षभराने वाईट महिन्याचा आकडा वाढला, तर पुन्हा बेरीज करू.

आज रात्री वही घ्या. १२ महिने लिहा, वाईट महिन्यावर गोल करा, घरखर्च वजा करा, उरलेल्याचे दोन भाग करा. जो आकडा येईल तो कदाचित आवडणार नाही. मलाही २०१२ मध्ये आवडला नसता, पण पाटल्या घरात राहिल्या असत्या. तुमचा आकडा कमेंटमध्ये लिहा, रक्कम सांगायची नसेल तर फक्त "वाचला" एवढं लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत.