थिबाची पत्रे कोण वाचणार?

रत्नागिरीत थिबा राजाची गोष्ट ठरलेली आहे. ब्रह्मदेशचा राजा, इंग्रजांनी इथे आणून ठेवला, ऐषारामी होता, राणीच्या मुठीत होता, कर्ज करून मेला. मग पाहुण्यांना राजवाडा दाखवायचा, थिबा पॉइंटवरून सूर्यास्त दाखवायचा, की झाले.

ही गोष्ट आपली नाही. ती इंग्रजांनी रचली आणि आपण सव्वाशे वर्षे पाठ म्हणतो आहोत.

१८८५ साली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने सागवानाचे पैसे बुडवल्याबद्दल थिबाच्या दरबाराने जबर दंड ठोठावला. फ्रेंच मंडालेत पाय रोवतील अशी धास्ती इंग्रजांना होतीच. नोव्हेंबरात फौज गेली आणि १ जानेवारी १८८६ ला राज्य खालसा झाल्याचे जाहीर झाले. त्यासाठी राजा दारुडा आणि खुनी ठरवणे सोयीचे होते. १८७९ मध्ये त्याच्या राजवटीत राजघराण्यातल्या अनेकांची कत्तल झाली हे खरेच आहे, आणि ते कोणी झाकू नये. पण त्या कत्तलीसाठी इंग्रज आले नाहीत. ते सहा वर्षांनी आले, आणि लाकडाचा तंटा घेऊन आले.

एप्रिल १८८६ मध्ये थिबा रत्नागिरीत आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला. या तीस वर्षांपैकी राजवाड्यात तो राहिला जेमतेम सहा वर्षे. १९१० पर्यंत मुक्काम बंगल्यांतच होता. हाती फौज नाही, वकील नाही, फिरायची मोकळीक नाही. उरली ती लेखणी. त्याने अर्ज केले: तनखा पुरत नाही, घर धड नाही, मुलींची लग्ने व्हायची आहेत, माझे जडजवाहीर कुठे आहे? ‘नगा मौक’ हे मोठे माणिक आपण कर्नल स्लेडनकडे सांभाळायला दिले होते, असे त्याचे म्हणणे होते. स्लेडन १८९० मध्ये वारला. थिबा विचारत राहिला. माणिक परत आले नाही.

याला आपण रडगाणे म्हणतो. मग साताऱ्याचे काय? प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते चौदा वर्षे लंडनमध्ये खेटे घालत राहिले. तेही अर्जच होते, आणि तेही फेटाळले गेले. त्याला आपण स्वामिनिष्ठा म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. मग तेच थिबाने केले की तो भिकारी कसा होतो?

कोणी म्हणेल, त्याने राज्य कुठे मागितले, पैसेच मागितले. पण ज्याचा खजिना उचलून नेला त्याने हिशेब मागणे ही लाचारी नव्हे. चोराला पावती मागण्याचा तो एकच मार्ग त्याला उरला होता.

सरकारी कारकुनांनी हा पत्रव्यवहार नीट जपून ठेवला आहे. ज्या गावात तो लिहिला गेला त्या गावाच्या भाषेत तो यायला हवा, आणि राजवाड्याच्या भिंतींवर लागायला हवा. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू याच रत्नागिरीत हलाखीत राहिली, मराठी बोलत म्हातारी झाली आणि २००० साली वारली. म्हणजे हे घराणे परके म्हणून झटकायची सोयही आपल्याला नाही.

रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी काय लिहिले हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्याच वर्षांत मंडालेचा कैदी आपल्या गावात बसून लिहीत होता. त्याने काय लिहिले, हे आपण एकदा तरी विचारले आहे का?