मुलगा ठणठणीत दिसतो, तेव्हाच

बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी आई-बाळाला घरी सोडले जाते, तेव्हा बाळ ठणठणीत असते. दुसऱ्या आठवड्यात ते दूध ओढेनासे होते, उलट्या करते, मलूल पडते. जंतुसंसर्ग समजून उपचार सुरू होतात. मात्र रक्तात सोडियम कमी आणि पोटॅशियम वाढलेले दिसले, तर ‘कंजेनायटल अॅड्रिनल हायपरप्लेशिया’ची शंका घ्यायलाच हवी.

या आनुवंशिक आजारात अॅड्रिनल ग्रंथीला कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन पुरेसे बनवता येत नाही. अल्डोस्टेरॉनअभावी मीठ लघवीवाटे वाहून जाते. ग्रंथीत अडलेला कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. त्यामुळे मुलीच्या जननेंद्रियांची ठेवण जन्मतःच वेगळी दिसते आणि तपासण्या होतात. मुलात सहसा काहीच खटकत नाही. मुलगा झाला म्हणून पेढे वाटले जातात आणि निदान राहून जाते.

टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांत १७-ओएचपी मोजले, तर आजार लक्षणांआधीच पकडता येतो. गोव्याने २००८मध्ये नवजात चाळणी सुरू केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत लाखभर बाळे तपासली. साधारण ५,८०० बाळांमागे एकाला हा आजार आढळला. २०१३मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या ३० आजारांच्या यादीत मात्र तो नव्हता.

सरसकट चाळणी सोपी नाही. अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांत आजार नसतानाही १७-ओएचपी वाढलेले येते, आणि अशी बाळे आपल्याकडे कमी नाहीत. शिवाय अहवाल विसाव्या दिवशी हाती आला, तर उपयोग काय? तोवर निदान दूध न ओढणाऱ्या, उलट्या करणाऱ्या प्रत्येक नवजात बाळाचे सोडियम-पोटॅशियम त्याच दिवशी तपासले जावे. ही तपासणी स्वस्त आहे. हायड्रोकॉर्टिसोन, फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेले मीठ एवढ्यावर ही मुले मोठी होतात, शाळेत जातात. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. तापात हायड्रोकॉर्टिसोनचा डोस वाढवावा लागतो.

आई-वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. म्हणून केसपेपरवर एक प्रश्न हवाच: आधीचे एखादे बाळ महिन्याच्या आत दगावले होते का?