सलीम अलींचा इम्पॅक्ट फॅक्टर किती होता?

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीचा फोन आला. कोकणातल्या एका खाडीत हिवाळ्यात उतरणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांवर तिने चार वर्षं काम केलंय. सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखत देऊन ती परतत होती.

"चाचा, त्यांनी माझा निबंध उघडूनसुद्धा पाहिला नाही. जर्नलचं नाव वाचलं आणि विचारलं, याचा इम्पॅक्ट फॅक्टर किती?"

तिचा निबंध एका प्रादेशिक नियतकालिकात छापून आला होता. आकडा सांगण्यासारखा नव्हता. मुलाखत पाच मिनिटांत आटोपली. पण मला अस्वस्थ केलं ते तिच्या पुढच्या प्रश्नाने. "चाचा, खाडी सोडून वाघावर काम करू का? वाघाचे पेपर मोठ्या जर्नलमध्ये जातात."

एका आकड्यामुळे एक खाडी आपली अभ्यासक गमावू शकते. म्हणून हा आकडा काय आहे ते आधी समजून घेऊ.

समजा एखाद्या नियतकालिकाचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर काढायचा आहे. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत त्यात जे छापून आलं, त्याचा २०२४ मध्ये इतर संशोधकांनी किती वेळा संदर्भ दिला ते मोजायचं. मग त्या दोन वर्षांतल्या शोधनिबंधांच्या संख्येने भागायचं. झालं गणित. ही कल्पना युजीन गारफील्ड या अमेरिकन माहितीतज्ज्ञाची. कोणती नियतकालिकं घ्यावीत हे ठरवताना ग्रंथपालांना तिचा उपयोग होत असे. माणसाची लायकी ठरवायला हा आकडा वापरू नका, असा इशारा खुद्द गारफील्ड यांनी दिला होता. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या जाहीरनाम्यातही जगभरच्या शास्त्रज्ञांनी तेच सांगितलं. नियतकालिकाचा आकडा हा त्यातल्या एका निबंधाचा दर्जा नव्हे.

आता हे गणित आपल्या घरच्या उदाहरणाला लावून पाहू. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली मुंबईत स्थापन झाली. संस्थापक आठ, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी गृहस्थ. सोसायटीचं जर्नल १८८६ पासून निघतंय. सुरुवातीच्या अंकांत शिकारी साहेब, लष्करी अधिकारी, चहामळेवाले यांच्या नोंदी असायच्या. १९११ नंतर सस्तन प्राण्यांचं मोठं सर्वेक्षण आलं, पुढे पक्ष्यांची प्रांतवार सर्वेक्षणं आली, १९५९ पासून पक्ष्यांना कड्या घालून स्थलांतराचा अभ्यास सुरू झाला. काळानुसार प्रश्न बदलत गेले आणि जर्नलही बदलत गेलं.

याच जर्नलमध्ये १९३१ साली सलीम अलींचा सुगरण पक्ष्यावरचा निबंध आला. तेव्हा त्यांची परिस्थिती काय होती? मुंबईच्या म्युझियममधली नोकरी गेली होती. विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. अलिबागजवळ किहीमला राहताना घराजवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर त्यांनी ती न्याहाळली. नर अर्धवट घरटं विणून थांबतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर ताबा घेते; मग नर ते पूर्ण करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवं घरटं विणायला घेतो, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडलं. आजही सुगरणीबद्दल कुणी लिहायला बसलं की त्याला किहीमपर्यंत यावंच लागतं. पण आज कुणी त्या निबंधाचा संदर्भ दिला, तर जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये भर पडते शून्याची. कारण खिडकी दोनच वर्षांची आहे.

जीवशास्त्राच्या काही शाखांत दोन वर्षांत ज्ञान जुनं होत असेल. परिसरशास्त्रात उलट आहे. इथे जुनी नोंद मुरत जाते. अमुक पक्षी अमुक गावी अमुक तारखेला दिसला, अशी चार ओळींची नोंद छापली जाते तेव्हा तिचा संदर्भ कुणी देत नाही. शंभर वर्षांनी हवामान बदललं, जंगल तुटलं, पक्षी दिसेनासा झाला की तीच नोंद पुरावा ठरते. आकड्यांच्या मागे लागलेली नियतकालिकं असल्या नोंदी छापायला तयार नसतात, कारण त्यांनी सरासरी खाली येते. प्रादेशिक नियतकालिकाने त्या छापल्या नाहीत तर छापणार कोण?

कुणी म्हणेल, ही जुन्या जमान्याची गोष्ट झाली. मग गिधाडांची गोष्ट घ्या. १९९९ साली याच जर्नलमध्ये विभू प्रकाश यांचा निबंध आला. भरतपूरच्या केवलादेव उद्यानातली गिधाडं त्यांनी ऐंशीच्या दशकात मोजली होती आणि नव्वदच्या दशकात पुन्हा मोजली. नव्वद टक्क्यांहून जास्त घट! एका उद्यानातली मोजदाद, एका भारतीय नियतकालिकात छापलेली. पण धोक्याची घंटा तिथे वाजली. २००४ साली 'नेचर'मध्ये कारण छापून आलं: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेलं जनावर मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होत होते. २००६ साली भारताने जनावरांसाठीच्या या औषधाच्या उत्पादनावर बंदी घातली.

संदर्भांच्या संख्येत 'नेचर'चा निबंध कितीतरी पुढे आहे. असणारच, आणि त्याचं मोल कमी नाही. पण भरतपूरला कुणी आधी मोजलंच नसतं, तर गिधाडं कमी झाली हे कळलं कशावरून असतं? आणि गणित पाहा. १९९९ च्या निबंधाचे फक्त २००० आणि २००१ मधले संदर्भ धरले जातात. कारण सापडल्यावर जगाने त्याचा कितीही संदर्भ दिला, तरी इम्पॅक्ट फॅक्टरच्या वहीत त्याची नोंद नाही.

हा विषय फक्त पक्षीप्रेमींचा नाही. गिधाडं गेल्यावर मेलेली जनावरं कुजत पडली, भटकी कुत्री वाढली, रेबीज आणि दूषित पाण्याचा धोका वाढला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा अंदाज असा की, २००० ते २००५ या काळात गिधाडं नाहीशी झाल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले. एका प्रादेशिक नियतकालिकातला निबंध गांभीर्याने वाचला जाणं किंवा न जाणं याला इतकी किंमत असू शकते.

हुमायून अब्दुलअलींचंही असंच. बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीवर त्यांनी १९८५ साली याच जर्नलमध्ये सविस्तर लेख लिहिला. १९८७ साली भारताने ही निर्यात बंद केली. बंदीमागे इतरही कारणं आणि माणसं होती, पण अब्दुलअलींचा पाठपुरावा त्यात होता. सरकारी आदेश, वन खात्याचे आराखडे, कोर्टाचे निकाल यांत निबंधाचा जो उपयोग होतो, तो इम्पॅक्ट फॅक्टरच्या हिशेबात कुठेच नसतो.

मुस्लिम वाचकांना हा मुद्दा एका वेगळ्या वाटेनेही समजेल. संदर्भाची साखळी तपासण्याचं शास्त्र आपल्या परंपरेत हजार वर्षांहून जुनं आहे. हदीस कुणी कुणाकडून ऐकली याची इस्नाद, म्हणजे साखळी, पाहिली जाते. या शास्त्रात संख्येला मोल आहेच. असंख्य लोकांनी स्वतंत्रपणे सांगितलेल्या हदीसला मुतवातिर म्हणतात. पण 'सहीह बुखारी'ची सुरुवात ज्या हदीसने होते, ती हेतूविषयीची प्रसिद्ध हदीस पाहा. हजरत उमर यांच्याकडून अल्कमा, त्यांच्याकडून मुहम्मद बिन इब्राहिम, त्यांच्याकडून याह्या बिन सईद, अशी ती पहिल्या टप्प्यांत एकेकाच माणसामार्फत आली. असंख्य लोकांनी ती सांगितली ती त्यानंतर. हदीसशास्त्रात अशा एकाकी साखळीला 'गरीब' म्हणतात. तरी इमाम बुखारींनी ती ग्रंथाच्या आरंभी घेतली. कारण त्यांनी डोकी मोजली नाहीत. सांगणारा खरा आहे का, त्याची स्मरणशक्ती कशी, त्याने खरंच त्या माणसाकडून ऐकलं का, हे तपासलं.

मुलाखत समितीने त्या मुलीच्या निबंधाबाबत हेच करायला हवं होतं. तिने किती दिवस मोजलं, कशी पद्धत वापरली, निष्कर्ष आकड्यांतून निघतो का? त्यासाठी निबंध वाचावा लागतो. वीस मिनिटं लागली असती.

प्रादेशिक नियतकालिकात आलं म्हणजे सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. ओळखीपाळखीने छापलेलं, वर्षभर उशिरा निघालेल्या अंकातलं, कुणी नीट न तपासलेलं लेखन आपल्याकडे भरपूर आहे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या दुकानांनी तर उच्छाद मांडला. यूजीसीने आधी मान्य नियतकालिकांची यादी केली, मग ती बदलून 'केअर' यादी आणली आणि २०२५ मध्ये तीही बंद केली. याद्या येतात आणि जातात, कारण वाचण्याचं काम यादी करू शकत नाही. नियतकालिकांनीही आपलं घर सावरायला हवं. अंक वेळेवर काढावेत, तपासणी कडक ठेवावी, निबंध सर्वांना मोफत वाचता यावेत. सोसायटीच्या जर्नलचे जुने खंड आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात, ही केवढी मोठी सोय आहे. महाराष्ट्रातल्या खाडीवरचा, सड्यावरचा, ओढ्यावरचा निबंध इंग्रजीत असेल तर त्याचा अर्ध्या पानाचा मराठी गोषवारा द्यायला काय हरकत आहे? तिथल्या ग्रामपंचायतीला तो वाचता आला, तर तोही इम्पॅक्टच.

आणि थोडं आपल्याबद्दल. सलीम अलींचा फोटो आपण मोठ्या कौतुकाने कार्यक्रमांच्या फलकावर लावतो. पण घरातली मुलगी म्हणाली की मला डॉक्टर नाही व्हायचं, चिखलात उभं राहून पक्षी मोजायचेत, तर किती घरांत होकार मिळेल? सलीम अलींना होकार देणाऱ्या त्यांच्या बेगम तहमीना होत्या. बेकारीच्या दिवसांत त्या पाठीशी उभ्या राहिल्या.

परवा त्या मुलीचा निबंध मी स्वतः वाचला. शेवटी आभारात एका दालदी नावाड्याचं नाव आहे. कोणत्या भरतीला कोणता थवा कुठे उतरतो, हे तिला त्याने दाखवलं. मी तिला फोन करून म्हटलं, "बेटा, हे नाव आभारात नको, मुख्य मजकुरात घे. माहिती त्याची आहे." इमाम मालिक ज्या नाफे यांच्याकडून हदीस सांगतात, ते मुक्त केलेले गुलाम होते, तरी मालिक, नाफे, इब्न उमर या साखळीला बुखारींनी सर्वांत अस्सल मानलं. सांगणाऱ्याचा हुद्दा तिथे आड आला नाही.

ती हसली. वाघाचं काय ठरलं, विचारलं. म्हणाली, "नोव्हेंबरात खाडीवर जातेय, चाचा. पाचवा हिवाळा मोजायचा राहिलाय."

तिला नोकरी कधी मिळेल मला माहीत नाही. तिची मोजदाद कुणाला कधी लागेल तेही माहीत नाही. भरतपूरला पहिल्यांदा गिधाडं मोजली गेली, तेव्हाही ते कुणाला माहीत नव्हतं.