वाट पाहणाऱ्यांचे देवराज्य

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड येथे शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. तेथील टेकडीवर गोल खडे विखुरलेले सापडतात. बाबांची चेष्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, तेच हे खडे, अशी आख्यायिका आहे. भूगर्भशास्त्र सांगते की, बसाल्ट खडकाच्या पोकळ्यांत साचलेल्या खनिजांचे हे गोळे होत. खडा एकच, अर्थ दोन. आणि त्या अर्थभेदाने कोणाचे घर मोडत नाही. परंतु धर्मग्रंथातील वचनाचा अर्थ जेव्हा राज्यसत्तेला आणि भाकरीला जाऊन भिडतो, तेव्हा तो कोण लावतो आणि कोणाच्या सोयीने लावतो, हे विचारावेच लागते. जगाच्या अंताविषयीच्या ख्रिस्ती भविष्यवाणीची गोष्ट नेमकी अशी आहे.

बायबलमधील अखेरचे पुस्तक ‘प्रकटीकरण’. त्याच्या विसाव्या अध्यायात ख्रिस्ताच्या सहस्र वर्षांच्या राज्याचा उल्लेख येतो. त्यावरून ख्रिस्ती जगात प्रामुख्याने तीन मते झाली. पहिले मत असे की, जग उत्तरोत्तर बिघडत जाणार, मग ख्रिस्त येणार आणि त्यानंतर ते राज्य सुरू होणार. दुसरे मत असे की, धर्मप्रसार व सुधारणा यांच्या बळावर ते राज्य आधी पृथ्वीवर उभे राहील आणि ख्रिस्त त्यानंतर येईल. तिसरे मत संत ऑगस्टीनचे : सहस्र हा आकडा प्रतीकात्मक आहे, तो ख्रिस्ती मंडळीच्या चालू काळाचाच निर्देश करतो. याशिवाय, त्या पुस्तकातील श्वापद म्हणजे रोमचा जुलमी सम्राट नीरो, असे मानणारे अभ्यासकही पुष्कळ आहेत.

हा वाद परदेशी धर्मपंडितांचा, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण तो आपल्या दाराशी घडलेला आहे. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनच्या गॉर्डन हॉल व सॅम्युएल न्यूवेल यांनी, पुरेसे प्रचारक मिळाल्यास अवघे जग ख्रिस्ती करता येईल, असा हिशेब १८१८ साली पुस्तिकारूपाने मांडला. हा आशावाद दुसऱ्या मताच्या वळणाचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, वर्धा नदीपलीकडे वऱ्हाडात, अकोल्यास ठाण मांडलेल्या अलायन्स मिशनचे संस्थापक ए. बी. सिम्पसन हे मात्र पहिल्या मताचे. सर्व राष्ट्रांत शुभवार्ता पोहोचली की मग शेवट येईल, या मत्तयाच्या वचनावर त्यांचा भर होता. म्हणजे वऱ्हाडातील खेड्यात होणारे प्रवचन हे ख्रिस्ताचे आगमन जवळ आणण्याचे साधन ठरले. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, याच मिशनच्या लोकांनी दुष्काळात अनाथ मुले सांभाळली. त्यांची भूतदया त्यांच्या भाकितापेक्षा मोठी होती.

आणि नदीच्या अलीकडे, वर्ध्याच्या मगनवाडीत, आणखी एक ख्रिस्ती माणूस बसला होता : जे. सी. कुमारप्पा. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा कारभार त्यांनी येथून चालविला. मध्य प्रांताच्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते. बेचाळीसच्या लढ्यानंतर तुरुंगात असताना त्यांनी येशूच्या शिकवणुकीवर पुस्तक लिहिले आणि त्याच कारावासात शाश्वत अर्थव्यवस्थेवरही लिहिले. ही दोन पुस्तके त्यांच्या लेखी वेगळी नव्हती. येशूचे वचन हे तेलघाणी, हातकागद आणि शेतकऱ्याच्या धान्याच्या हिशेबात उतरले पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. शेवट केव्हा होणार याचे गणित मांडण्यात त्यांनी आयुष्य घालविले नाही.

उलट गणित मांडणाऱ्यांचे काय झाले? विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरविला. तो आला आणि गेला. १९७० साली हाल लिंड्से यांनी इस्रायलची स्थापना हीच अंताची खूण ठरवून लिहिलेले पुस्तक लाखोंनी खपले. पण १९४८ साली सुमारे सात लाख पॅलेस्टिनी विस्थापित झाले, ही खूण त्यांच्या पंचांगात मोजलीच जात नाही! १४ मे २०१८ रोजी जेरुसलेममध्ये अमेरिकेच्या वकिलातीचे उद्घाटन झाले, तेव्हा याच विचाराच्या प्रचारकांनी प्रार्थना म्हटल्या आणि त्याच दिवशी गाझाच्या सीमेवर निदर्शकांवर गोळ्या झाडल्या जात होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये बेथलेहेमच्या लुथरन चर्चने बाळ येशूची मूर्ती विटामातीच्या ढिगाऱ्यात ठेवली. दोघेही ख्रिस्ती, दोघांच्या हाती ग्रंथ तोच. एकाला युद्धात भविष्याची पूर्तता दिसते, दुसऱ्याला ढिगाऱ्याखालचे मूल दिसते.

येथे आपल्या कार्यकर्त्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ‘सारी अफूच ती’ असे म्हणून हा प्रश्न निकालात काढण्याची सवय सोडावी. खुद्द एंगल्सने १८९४ साली आद्य ख्रिस्ती चळवळीवर लिहिताना तीत पीडितांची चळवळ पाहिली आणि तिची तुलना कामगार चळवळीशी केली. जग लवकर बुडावे असे ज्याला वाटते, त्याला या जगाने काय दिले, हे आधी विचारा. ‘कलियुगच आहे, चालायचेच’ असे म्हणणारा कास्तकार आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहणारा भाविक, दोघेही एकाच निराशेची मुले आहेत. आणि क्रांती अटळ आहे म्हणून हात बांधून बसणारा कार्यकर्ता त्यांच्याहून फार निराळा नाही.

मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात अंताच्या खुणा आहेत. पण ते प्रवचन तेथे संपत नाही. पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी न्यायनिवाडा येतो आणि तेथे तारीख कोणाला ठाऊक होती, हे विचारले जात नाही. भुकेल्याला अन्न दिले का, परक्याला आसरा दिला का, बंदिवानाला भेटलात का, एवढेच विचारले जाते. आमचे ख्रिस्ती बांधव आणि आम्ही, दोघांनीही याच प्रश्नांवर एकत्र यावे. कापसाच्या भावासाठी, रोजगार हमीसाठी, तुरुंगात खितपत पडलेल्या निरपराधांसाठी त्यांच्याबरोबर उभे राहण्यास सहस्र वर्षांविषयी एकमत होण्याची गरज नाही.